भिकाजीपंतांची पापणी

“त्याचा हात शाबूत आहे का?” वस्तादांनी विचारलं.

विलायतेहून आलेला छापील कागद त्यांच्या मांडीवर होता. नुसत्या काळ्या रेघांचं चित्र, रंग भरायचा राहिलेला. एक गलेलठ्ठ माणूस खजिन्याच्या हंड्यावर कोंबडीसारखा उबवायला बसलाय, पोटापायी कोटाच्या गुंड्या तुटून उडताहेत, आणि खाली केसाळ टोप घातलेली माणसं चोची वासून उभी आहेत. दाराच्या फटीतून त्यांचा राजा डोकावतोय. तोही धड नाही, त्याची हनुवटीच गायब केलेली. हा लठ्ठ म्हणजे इंग्रजांचा प्रधान आणि खालची पिलं म्हणजे त्यांच्या सभेतले लोक, हे मी वस्तादांना समजावून सांगितलं होतं.

“कुणाचा हात?” मी म्हटलं.

“ज्यानं हे काढलं त्याचा.”

मला काय ठाऊक? ज्यानं तो कागद रंगवायला दिला होता त्या साहेबाला विचारून सांगतो म्हणालो आणि रंग कालवायला बसलो. पण त्यांनी कागद लवकर दिला नाही. बराच वेळ बघत राहिले, आणि मग हसले. माझं लग्न त्यांच्या मुलीशी, भागूशी झालं तेव्हापासून मी त्या घरात होतो. वस्तादांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. भागू चुलीपुढून उठून दारात आली, ती कोण हसलं ते बघायला.

हे सगळं पुण्यातलं, पेशवाई होती तेव्हाचं. मी निंबाजी चितारी. आज माझे डोळे गेलेत, तेव्हा चांगले होते. नदीच्या संगमावर इंग्रजांचा वकील राहायचा आणि त्याच्याकडे हार्कनेस नावाचा एक डॉक्टर होता. आम्ही त्याला हरकिनीस म्हणायचो, त्यालाही ते चालायचं. झाडापाल्याचं त्याला भारी वेड. मी त्याला पानं-फुलं काढून द्यायचो आणि त्यानं मला तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायला शिकवलं होतं. पत्र्यावर मेण चढवायचं, सुईनं रेघा ओढायच्या, वर तेजाब ओतायचं. रेघ होती तिथं तांबं खाल्लं जातं. मग शाई भरून कागद दाबून काढायचा, आणि एका चित्राची हवी तेवढी चित्रं. मला तर ही जादूच वाटायची.

साहेबाला मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तो खो खो हसला. म्हणाला, हात शाबूत आहे, आणि माणूस मजेत आहे. त्यांच्या गावात चित्रांची दुकानं आहेत, दुकानाला काचेची खिडकी असते, नवं चित्र लागलं की रस्ता अडतो एवढी गर्दी. प्रधानाचे नोकरच रांगेत उभे राहून प्रधानाचं चित्र विकत नेतात. प्रधान ते मित्रांना दाखवतो. उलट ज्याचं चित्र निघत नाही तो कष्टी होतो, म्हणतो आता मला कोणी विचारत नाही वाटतं. आमच्याकडे चितार्‍याला कोणी हात लावत नाही, असं तो छाती काढून म्हणाला.

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा वस्तादांनी फक्त आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

त्या हाताचं सांगायला हवं. सटवाजी वस्ताद म्हणजे पुण्यातला एक नंबरचा हात. भिकाजीपंत कारभार्‍यांनी नवा दिवाणखाना बांधला तेव्हा भिंतीवर दरबार काढायचं काम त्यांनाच मिळालं. मधोमध श्रीमंत पेशवे आणि दोन्ही बाजूंना मानकरी, सगळे श्रीमंतांकडे तोंड करून. आमच्यात चेहरा एका बाजूनंच काढतात, एक गाल, एक डोळा. आता या भिकाजीपंतांची डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून पडलेली. डोळा कायम अर्धा मिटलेला. पुण्यातल्या शेंबड्या पोराला ते माहीत होतं आणि कोणी कधी बोलत नव्हतं. त्यांची सुटी चित्रं काढायची ती उजव्या गालाची, हा आमचा रिवाजच होता.

पण भिंतीवर मानाप्रमाणे पंतांची जागा आली अशा बाजूला, की श्रीमंतांकडे तोंड केलं तर डावाच गाल दिसणार. उजवा दाखवावा तर श्रीमंतांकडे पाठ होते, म्हणजे त्याहून मोठा गुन्हा. दुसरा कोणी असता तर पापणी सरळ करून मोकळा झाला असता. वस्तादांनी ती होती तशी काढली. खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली घेऊन, एक एक केस, पापणीवरची बारीक शीर धरून. ते म्हणायचे, माझ्या हातून तेवढं चांगलं दुसरं काही झालं नाही. थोड्याच दिवसांत पंतांची माणसं आली. भिंतीवरच्या तेवढ्या पंतांवर चुना फासला आणि वस्तादांच्या उजव्या हाताची बोटं मोडली. बोटं जुळली, पण वाकडी. पुढं घरात रंग घोटायचं काम तेवढं ते करायचे, आणि चालते हात एकट्या माझेच राहिले.

तर विलायती चित्र पाहिल्यापासून वस्तादांचं काहीतरी बिनसलं. बिनसलं म्हणायचं की सुधारलं, ते तुम्ही ठरवा. कोळसा घेऊन ते परड्यात जाऊन बसायचे आणि डाव्या हातानं फरशीवर रेघा मारायचे. रेघ सरळ जायची नाही, थरथरायची, भलतीकडेच फुगायची. आणि गंमत अशी की त्या विलायती चित्राची रेघ तशीच होती. उजव्या हातानं त्यांना ते कधी जमलं नसतं.

एक दिवस त्यांनी मला कागद दिला. बघितला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पालखी होती. पालखीत गिर्द्याला टेकून एक भली थोरली पगडी बसली होती, पगडीच नुसती, मोत्यांच्या तुर्‍यासकट. आणि पुढं पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन, घामाघूम, बारक्या पायांनी भिकाजीपंत आपल्याच पगडीला वाहून नेत होते. चेहरा समोरून काढलेला, इंग्रजांच्या पद्धतीनं, आणि डाव्या डोळ्यावर ती पापणी. ओळखायला कुणाला विचारायची गरज नव्हती.

“हे तांब्यावर चढव,” वस्ताद म्हणाले.

मी म्हटलं, वस्ताद, वेड लागलंय का. तुमचा एक हात गेला, आता माझे दोन्ही जातील, आणि मग भागूनं काय करायचं.

“भिंतीवर एकच चित्र होतं निंबा. एकाला चुना फासता येतो. याची पन्नास निघाली तर कुठं कुठं फासतील? एक तरी त्याच्यापुढं जाईल.”

“आणि गेलं तर?”

“मग बघेल तो.”

भागूनं मला बाजूला घेतलं. वाटलं, ती तरी अडवेल. ती म्हणाली, अहो, आबा जेवायला लागलेत पोटभर, करा त्यांच्या मनासारखं, कुणाला दाखवू नका म्हणजे झालं. बापलेक सारखेच.

तर मी ते संगमावर नेलं आणि पत्र्यावर जसंच्या तसं उतरवलं. पहिला कागद दाबून काढला आणि माझ्या लक्षात आलं की मी माती खाल्ली. पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. झाडाच्या फांद्या इकडच्या तिकडे गेल्या तर कोण विचारतो, साहेबानं कधी त्यावर बोट ठेवलं नव्हतं, मलाही कधी सुचलं नव्हतं. पण इथं पापणी डावीची उजवीला गेली होती. घरी आणून दाखवलं तर वस्ताद असे भडकले की बोलता सोय नाही. हा तो नव्हेच म्हणाले, पत्रा फोडून टाक आणि नवा कर. मला खरं सांगायचं तर हायसंच वाटलं.

नवा करायला वेळच मिळाला नाही. मी एक कागद घरी आणला, पण साहेबानं आणखी चार-सहा दाबून काढले होते, ते त्याच्याकडे राहिले. कुणाला दाखवणार नाही असं त्यानं मला वचन दिलं होतं. त्याच आठवड्यात पंतांच्या दफ्तरातला नारोबा कारकून संगमावर कामाला गेला, साहेबाला हसू आवरेना, आणि त्यानं आमची नावं सांगून एक कागद त्या नारोबाच्या हातात ठेवला. दुसर्‍या दिवशी सकाळी पंतांचे दोन शिपाई आमच्या दारात. सटवाजी आणि निंबाजी, दोघांनीही दुपारी हजर व्हायचं.

मी धावत संगमावर गेलो. म्हटलं साहेब, तुमच्या वकिलाकडून एक चिठ्ठी द्या, आमचे हात वाचवा. साहेबाचा चेहरा उतरला. त्याला वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. पण मग तो सांगायला लागला की दरबारच्या कारभारात हात घालायचा नाही असा कंपनीचा हुकूम आहे, वकीलसाहेब नाराज होतील, शिवाय हा तुमच्या राज्यातला मामला. हे त्यानं इतक्या गोड शब्दांत सांगितलं की तो नाही म्हणतोय हे मला नदी ओलांडल्यावर कळलं.

घरी भागूनं एवढंच सांगितलं की विलायतेतल्या माणसाचं चित्र आहे म्हणा, पापणी तर उलट्याच बाजूला आहे. मीही तेच घोकत निघालो. वस्तादांनी धुतलेला अंगरखा घातला होता.

दिवाणखान्यात पंत बैठकीवर बसले होते. भोवती दहा-बारा माणसं, आणि पुढ्यात तो कागद. ज्या भिंतीवर दरबार होता तिथं श्रीमंत होते, बाकीचे मानकरी होते, आणि एका जागी पांढरा पट्टा होता. मी तिकडे बघितलं नाही. माझे हात मी अंगरख्याच्या बाह्यांत ओढून घेतले होते, त्यानं काही होणार नव्हतं तरी.

पंतांनी नारोबाला विचारलं, हे चित्र कुणाचं म्हणून आणलंस?

नारोबानं हात जोडले. म्हणाला, सरकार, लोक म्हणतात…

काय म्हणतात, पंतांनी विचारलं. नारोबा पागोटं सावरायला लागला. पंतांनी मग एकेकाला कागद दाखवला, हा कोण म्हणून. कुणाला ओळख पटेना. एकानं तर कागद उलटा धरून बघितला. सगळ्यांना ठाऊक होतं की ओळखलं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, कशावरून ओळखलं? आणि त्याचं उत्तर त्या घरात आजवर कोणी मोठ्यानं दिलं नव्हतं. भीतीनं माझी बोबडी वळलेली, तरी त्या क्षणी मला हसू येत होतं, देवाशपथ सांगतो.

शेवटी नारोबालाच वाटलं, आपण आणलं तेव्हा आपणच निस्तरावं. तो घाईघाईनं म्हणाला, “नाही सरकार, हे सरकार नव्हेतच. सरकारांची पापणी डाव्या डोळ्याची, यात उजव्याची आहे.”

म्हणाला आणि स्वतःच पांढराफटक पडला. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

पंतांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आम्हा दोघांना थांबवलं. माझं आता संपलं, असं मला वाटलं. मी माझं घोकलेलं सुरू केलं, सरकार, हा विलायतेतला माणूस आहे, बघा, डोळाच वेगळा. पंतांनी माझ्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. ते उठले. दिवाणखान्याच्या कोपर्‍यात इंग्रजांनी नजराणा म्हणून दिलेला एक मोठा आरसा होता. कागद घेऊन ते त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि कागद आपल्या तोंडाशेजारी धरला.

मी त्यांच्या मागं होतो, मला दोन्ही दिसत होतं. आरशातला डोळा आणि कागदावरचा डोळा एकाच बाजूला होते. पापणी पापणीशी जुळत होती. आम्ही सगळे पंतांना समोरून बघायचो, म्हणून आम्हाला ते चित्र चुकलेलं वाटलं. पंत स्वतःला बघायचे ते आरशात. चित्र उलटं निघाल्यामुळं पुण्यात ते एका माणसालाच नेमकं बरोबर दिसणार होतं, आणि तो माणूस ते हातात धरून उभा होता. माझ्या चुकीवर मी जीव टांगला होता आणि त्या चुकीनंच घात केला होता.

पंत आरशाकडे बघतच बोलले. “डाव्या हातानं काढलंस?”

“होय सरकार,” वस्ताद म्हणाले. “उजवा सरकारांकडे जमा आहे.”

मी डोळे मिटून घेतले. मी डोळे उघडले तेव्हा पंत वळले होते आणि वस्तादांच्या वाकड्या बोटांकडे बघत होते.

“भिंतीवरचं असंच होतं?” त्यांनी विचारलं.

“याहून पुष्कळ चांगलं होतं. ते चेष्टेनं काढलं नव्हतं. सरकारांनी पाहिलंच आहे ते.”

“मी नाही पाहिलं.”

वस्तादांना ते कळलं नसावं. ते तसेच उभे राहिले. पंत मग सरळ आवाजात, हिशेब सांगावा तसं सांगायला लागले. ते तेव्हा फौजेबरोबर मुक्कामावर होते. घरून लिहून आलं की चितार्‍यानं डोळा काढलाय, येणारे-जाणारे हसतात. त्यांनी तिथूनच हुकूम लिहून पाठवला. परत आले तेव्हा तेवढी भिंत पांढरी होती.

“कुठं होतं?” ते म्हणाले.

वस्ताद भिंतीपाशी गेले. पांढर्‍या पट्ट्यावर त्यांनी आपला उजवा हात ठेवला, खांद्याच्या उंचीला, आणि इथं म्हणाले. पंत जवळ आले. त्या कोर्‍या चुन्याकडे ते चित्राकडे बघावं तसे बघत राहिले, मान थोडी मागं घेऊन.

“चुना खरवडता येईल?”

“येईल. रंगही त्याच्याबरोबर येईल सरकार.”

पंतांनी मान हलवली. कागदाची घडी घातली आणि आपल्या अंगरख्यात ठेवली. जा, एवढंच म्हणाले. नारोबाचं काय झालं कोण जाणे, पण आमच्या अंगाला कोणी बोट लावलं नाही.

पुढं केव्हातरी हे सगळं मी साहेबाला सांगितलं. तो खूश झाला. बघ, मी म्हणालो नव्हतो, चितार्‍याला कोणी हात लावत नाही म्हणून. मी पानं-फुलं काढत राहिलो, आणि तांब्यावर काही चढवायचं असलं की आधी आरशात बघून उलटं काढायला शिकलो.

पण तो दिवस सांगायचा राहिला. वाड्याच्या दिंडीदरवाज्यातून बाहेर आलो आणि मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच माझी बोटं मोजली. वस्तादांना म्हटलं, जिंकलात तुम्ही, त्यानं बघितलं, स्वतःच्या तोंडाशी धरून बघितलं. भागूला सांगू, आज गोडाचं कर म्हणावं. वस्ताद हूं हूं करत चालत होते. नदीवर आलो तेव्हा ते म्हणाले, जरा बसू. आणि दगडावर बसले ते उठेनातच.

“बघितलंच नव्हतं रे त्यानं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, वस्ताद, आता बघितलं ना.

“हे नाही. ते.” त्यांनी बोटं उचलली, कुंचली धरावी तशी, पण ती जुळेनात. “मला वाटायचं, त्यानं एक एक केस बघितला. ती शीर बघितली. बघून त्याला सोसलं नाही, म्हणून हात मोडला. एवढं तरी मला वाटायचं इतकी वर्षं.”

बोटं मोडली तेव्हा वस्ताद रडले नव्हते, भागूनं मला सांगितलं होतं. त्या दिवशी भर दुपारी, पाणी भरणार्‍या बायकांच्या देखत, ते हमसून हमसून रडले. मी शेजारी बसून राहिलो.